डावा कोनाडा

ढवळवाडीच्या जानाईसमोर राहीबाई डोळे मिटून बसली होती आणि मनातल्या मनात एकच घोकत होती, "आई, डावा दे. काय बी कर, पर डावा दे."

कौल सांगलीचा होता. नवरा भाऊसो गेल्यापासून जयराजनं एकच धोशा लावला होता, आई, आता इकडं राहायला ये. सांगलीच्या विश्रामबागेत त्यांचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट होता, मोकळी खोली होती, आणि सून संयोगिताही दर फोनला तेच म्हणायची. राहीबाई कधी ज्वारीचं, कधी शेळीचं कारण काढायची. पण यंदाच्या पावसाळ्यात ती परसात घसरून पडली आणि शेजारची रंगुबाई दूध न्यायला येईपर्यंत तशीच चिखलात पडून राहिली. हाड मोडलं नाही एवढंच. जयराज धावत आला. आल्यावर भांडला नाही, रागावला नाही. जाताना शांतपणे म्हणाला, "मी नाही सांगत आता. तूच जानाईला विचार. ती म्हणेल ते मला मान्य."

पोरगं हुशार. आईला पेचात कसं धरायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. जयराजला नाही म्हणता येत होतं, जानाईला कसं म्हणणार?

ढवळवाडीत कौल असा लावतात. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. मोठ्यानं प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजव्या खांद्याची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्याची पडली तर नकार. वाडीतली लग्नं, विहिरी, घरांचे पाये, सगळं या पाकळ्यांवर उभं राहिलेलं. पूजा पिढ्यान् पिढ्या नाथाजी गुरवांच्या घरात. पण गेलं वर्षभर नाथाजींना दिसायचं कमी आलं होतं, आणि मुलगा एसटीत, कायम फिरतीवर. म्हणून पूजाअर्चा सून अक्षता बघायची. कऱ्हाडजवळच्या मलकापूरची, गुरवाचीच लेक, हात चटचट चालणारा.

"राहीकाकींनी सांगलीला जावं का? जायचं असलं तर उजवा दे, ऱ्हायचं असलं तर डावा दे," अक्षतानं खणखणीत आवाजात विचारलं.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर उसाची ट्रॉली खडखडत गेली. मग अक्षता ओरडली, "उजवा! उजवा दिला, काकी!"

राहीबाईनं डोळे उघडले. एक पाकळी देवीच्या खांद्यावर तशीच होती. दुसरी खाली, दिव्याच्या कोनाड्याखालच्या तेलकट फरशीवर पडली होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि ऊठबस करताना गुडघा दुखला म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सोबत आलेल्या रंगुबाईला सांगितलं.

"सांगलीला लिफ्ट असती," वाटेत रंगुबाई म्हणाली. "वर जाताना पोटात गोळा येतोय. पर चांगलंच हाय. आपल्याला आता वर जायची सवय पायजेच की."

"तुला लय हौस. तूच जा."

"मला कोण बोलीवतंय गं? माझी सून तर म्हणती, तुमी हितंच बऱ्या."

दोघी हसल्या. 

मग आवराआवर सुरू झाली. शेळी आणि कोंबड्या रंगुबाईकडं गेल्या. जातं कोणी नेईना, ते परसातच राहिलं. भाऊसोची मिलिटरीतली काळी ट्रंक तिनं पुसून घेतली आणि तीत लुगडी भरली. मनातून ती देवीवर रुसली होती. आयुष्यभर तुझ्या दिव्याला तेल घातलं, आणि शेवटाला मला गावाबाहेर काढलंस? पण कौल तो कौल. भाऊसो म्हणायचा, हुकूम आला की पलटण का म्हणून विचारत नसते.

निघायच्या आधी नाथाजींना भेटायलाच हवं होतं. भाऊसोचा बालमित्र. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर हिरवं फडकं बांधून म्हातारा अंगणात बाजेवर ऊन खात बसला होता.

"भावजी, येते म्या. जानाईनं उजवा दिला."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या सुनंनं."

नाथाजीनं पाय बाजेखाली सोडले. मग म्हणाला, "वैनी, पाकळी पडली कुठं?"

"दिव्याच्या कोनाड्याखाली."

"मंग त्यो डावा की वं!"

राहीबाईला आधी कळेचना. नाथाजीनं तिला आपल्यासमोर उभं केलं आणि दोन्ही हात पसरले. "ही म्या जानाई. ह्यो माझा उजवा हात. तुमच्या कुठल्या अंगाला आला?"

"डाव्या."

"मंग? दिव्याचा कोनाडा देवळात शिरताना तुमच्या उजव्या अंगाला हाय. म्हंजी देवीच्या डाव्या. आमच्या बापजाद्यापास्नं देवीचाच हात धरत्यात, आपला न्हाई. कौल तिचा, हात बी तिचाच. अक्षते! ए अक्षते!"

अक्षता पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. "आमच्या माहेरी समोरनंच बघत्यात, मामंजी. इचारणाऱ्याचा उजवा त्यो उजवा. तुमी कवा सांगितलंच न्हाई!"

"अगं, हे काय सांगायचं असतंय व्हय? मला वाटलं सगळ्या जगाला ठावं हाय."

"मंग रंगुकाकींची बोअर? म्या उजवा सांगितला आन् त्यांनी तितंच पाडली!"

"पाणी लागलं का न्हाई?"

"लागलं. तीन इंची."

"मंग बस की."

"आन् शंभूराजच्या लग्नाचा कौल?"

"नांदत्यात की. कालच भांडत व्हती दोघं, म्हंजी बरं चाललंय."

अक्षताला हसू येत होतं आणि रडूही. "म्हंजी माझं बरोबर का तुमचं, मामंजी? पाणी तर लागलं. देवीला माझं समजतंय का तुमचं?"

नाथाजीनं डोळ्यावरचं फडकं सारखं केलं. "कसं हाय पोरी, ती बघती लय लांबनं. आपण वारुळाकडं बघतो तशी. मुंगी पानाच्या ह्या अंगानं गेली काय आन् त्या अंगानं गेली काय, तिला त्याचं काय?"

"आन् मुंगीनंच तुमाला कौल लावला तर? कुठल्या अंगानं जाऊ म्हणून?"

"तर... साखर ठिवीन चिमूटभर."

"कुठल्या अंगाला?"

 म्हाताऱ्यानं सुनेकडं एका डोळ्यानं बघितलं आणि हळूच म्हणाला, "जिकडं ती निघालीया, तिकडं ठिवीन. उगा माघारी कशाला वळवू?"

राहीबाईचं या वादाकडं लक्षच नव्हतं. डावा. देवीनं डावाच दिला होता! म्हणजे राहायचं. आपलं घर, परस, जातं, चुलीमागची ऊबदार भिंत, सगळं आपलंच. नाथाजीचा निरोप घेऊन ती उठली तेव्हा गुडघा दुखत होता हेही विसरली. जयराजला फोन करून सांगायचं, कौल चुकीचा वाचला होता. तो तरी काय बोलणार? देवीची ओटी भरू आणि येताना रंगुबाईकडनं कोंबड्या परत आणू.

देऊळ वाटेवरच होतं. आत कोणी नव्हतं. नंदादीप मंद झाला होता. राहीबाईनं कोनाड्यातली तेलाची बुधली घेतली, दिव्यात धार धरली, आणि धार धरता धरता तिला आपोआप सासूचा आवाज ऐकू आला.

"तुझा डावा न्हवं गं, देवीचा डावा!"

लग्न होऊन आली त्या आठवड्यातली गोष्ट. येसूबाईनं, म्हणजे सासूनं, तिला तेलाची बुधली देऊन देवळात धाडलं होतं. "जा, डाव्या कोनाड्यात तेल घालून ये." नवी नवरी आपल्या डाव्या हाताच्या कोनाड्यात गेली. तिथं दिवा नव्हता, शंख होता. तेल शंखात ओतून आली. त्यावरून येसूबाईनं जे तोंड सोडलं ते गल्लीनं ऐकलं. "देवळात गेलं की आपला डावा-उजवा भाईर ठिवायचा, चपलीसंगं!" त्यानंतर कितीतरी वर्षं हा दिवा तेलवातीसाठी येसूबाईच्या घराकडं होता. घरात त्याला 'डावा कोनाडा' हेच नाव. येसूबाई झोपेतून उठवली असती तरी देवीचा डावा चुकली नसती.

राहीबाईच्या हातातली धार थांबली.

कारण दुसरी एक पाकळी तिला आठवली होती.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. भाऊसो लांब तिकडे आसामात, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. गावाला सुट्टीचा हिशेब कळत नव्हता, एवढंच कळत होतं की सून वांझ आहे. थोरल्या नणंदेनं भाऊसोसाठी आपल्या दिराची मुलगी सुचवली. शेवटी येसूबाई म्हणाली, जानाईला विचारू. राहीबाईचं गाठोडं आदल्या दिवशीच नणंदेनं बांधून ओसरीवर ठेवलं होतं. नाथाजीच्या वडलांनी पाकळ्या लावल्या. येसूबाईनंच प्रश्न सांगितला, "हिच्या पोटी आमचा वंस हाय का? असला तर उजवा दे. नसला तर डावा दे, हिला माहेरी धाडते."

राहीबाईनं कपाळ फरशीला टेकवलं होतं. वर बघायची छातीच होत नव्हती. एका बाजूला गाल वळवून ती नुसती फरशी बघत होती, आणि पाकळी तिच्या डोळ्यांदेखत खाली आली. काळ्या तेलकट डागावर. दिव्याच्या कोनाड्याखाली.

तेवढ्यात येसूबाई गरजली होती, "उजवा! उजवा दिला गं माझ्या आईनं!" आणि गुरवानं तोंड उघडायच्या आत तिनं देवीच्या पायाचं कुंकू घेऊन सुनेच्या कपाळाला फासलं होतं. नाथाजीचे वडील येसूबाईकडं बघत राहिले होते. थोडं जास्तच. मग त्यांनी घंटा वाजवली होती.

आनंदात कोण डावं-उजवं बघतं? राहीबाईनं तेव्हा बघितलं नव्हतं. गाठोडं सुटलं. पुढच्या सुट्टीनंतर जयराजची चाहूल लागली, आणि त्यानंतर त्या पाकळीचा विचार करायला कधी सवडच झाली नाही. इतकी वर्षं तो तेलाचा डाग तिच्या डोळ्यांत जसाच्या तसा होता आणि तिनं त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

ती खाली बसली. देवीकडं पाठ करायची नाही म्हणून एका अंगाला, कोनाड्याखाली, भिंतीला टेकून.

आताचा कौल डावा असेल, तर तो जुना कौलही डावाच. मग या वाडीतलं तिचं राहणं, ते घर, ते जातं, जयराज, सगळं देवीनं नको म्हटल्यावरचं. आणि तो जुना उजवा असेल, तर आताचाही उजवाच. पाकळी एकाच जागी पडली होती. एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, हे काही खरं नव्हे.

आणि येसूबाईला माहीत होतं. जिनं सुनेला शंखातल्या तेलावरून गल्लीभर ऐकवलं, तिला माहीत नव्हतं असं होणारच नाही. ती बाई पुढं मरेपर्यंत कधी गोड शब्द बोलली नाही. भाकरी जाड झाली, ताक आंबट झालं, पोराला झोपवता येत नाही, रोज काही ना काही. आणि त्या एका दिवशी तिनं, देवीसमोर, सगळ्या गावासमोर, डाव्याचा उजवा केला होता. आणि मरेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग देवीनं काय केलं? ती तर इथंच होती. तिनं बघितलं असणार. रागावली असती तर जयराज झाला असता का?

राहीबाईनं पहिल्यांदाच देवीच्या बाजूनं दाराकडं बघितलं. आयुष्यभर ती दारातून देवीकडं बघत आली होती. इथून सगळं वेगळंच दिसत होतं. चौकटीतून उजेडाचा एक तुकडा, बाहेरचा रस्ता, रस्त्यावरनं जाणारे पाय. तेवढ्यात रंगुबाई आत आली, देवीच्या पुढ्यात बसली आणि तिनं डोकं टेकवलं. राहीबाईला तिचा फक्त भांग दिसला. मधोमध पांढरा, थोडा वाकडा, कडेला मेंदीचा लाल रंग उतरलेला. तिला वाटलं, देवीला आपलं एवढंच दिसत असेल काय? जो येतो तो खाली मान घालतो. पिढ्यान् पिढ्या नुसते भांग, टक्कल, टोप्या काढलेली डोकी. तोंड कुणी दाखवत नाही. त्या दिवशीही दोन भांग तिच्यासमोर असतील, एक काळा आणि एक पांढरा. आणि त्यातला पांढरा ओरडला असेल, उजवा. एवढ्या डोक्यांत एखाद्या डोक्यानं देवीचा कौल खोटा वाचला, आणि तो दुसऱ्या डोक्यासाठी वाचला, याचं देवीला वाईट का वाटावं?

रंगुबाईनं मान वर केली आणि दचकली. "अगं बया! कोपऱ्यात काय करतीस? मला वाटलं जानाईच उतरून बसलीया काय. अक्षता भेटली. म्हणाली कौल फिरला. कोंबड्या आत्ताच न्हेतीस का सकाळी?"

"न्हाई. असू देत तुझ्याकडं."

"अगं, डावा हाय म्हणत्यात!"

"उजवाच हाय."

"नाथाजी गुरव म्हणतोय डावा, अक्षता म्हणती उजवा, तू कुणाचं ऐकतीस?"

"माझ्या सासूचं," राहीबाई म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. "तिनं वाचलाय ह्यो कौल. म्या खाल्लाय त्याचा उजवा आजपतूर. आता सोयीचं न्हाई म्हणून डावा कसा म्हणू?"

रंगुबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं मैत्रिणीचं कपाळ चाचपून बघितलं. ताप नव्हता.

औंधच्या यमाईची यात्रा झाल्यावर जयराज गाडी घेऊन आला. राहीबाईनं घराला कुलूप लावलं आणि किल्ली रंगुबाईकडं दिली. अक्षतानं एका पुडीत देवीचं कुंकू आणून दिलं. निघताना तिनं हळूच विचारलं, "काकी, आता म्या कौल कुठल्या अंगानं वाचू?"

"ज्याचा कौल हाय त्याच्याकडं नीट बघून वाच," राहीबाई म्हणाली.

सांगलीत पहिले काही दिवस तिला दिवसाची दिशाच लागेना. सूर्य भलत्याच खिडकीतून यायचा. संयोगिता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी सगळे गेले की राहीबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. चौथ्या मजल्यावरून खाली फक्त डोकी दिसायची. दूधवाल्याची टोपी, वॉचमनचं टक्कल, शाळेच्या रिक्षात चढणाऱ्या मुलींचे भांग. तिला ओळखीचं वाटलं आणि हसू आलं. हळूहळू तिला डोक्यांवरून माणसं ओळखता येऊ लागली.

एका सकाळी वारा सुटला आणि दोरीवरचं तिचं हिरवं लुगडं उडून खाली गेलं. संयोगिता नुकतीच कामावर जायला खाली उतरली होती, स्कूटीला किल्ली लावत होती.

"संयोगिता! लुगडं पडलं गं!"

सून मागं फिरून वर बघू लागली. "कुठं, आई?"

राहीबाईला तर स्पष्ट दिसत होतं. कंपाउंडच्या कोपऱ्यात, जास्वंदीच्या झाडावर अर्धं अडकलेलं. तिनं हात लांब केला. "उजवीकडं! उजवीकडं बघ!"

संयोगिता उजवीकडं वळली आणि थेट उलट्या दिशेनं, पाण्याच्या टाकीकडं चालू लागली.

"अगं तिकडं न्हाई! उजवीकडं!"

"उजवीकडंच चाललेय की!"

खालची ती एवढीशी आकृती टाकीमागं वाकून बघत होती, स्कूटीच्या खाली बघत होती, आणि हिरवं लुगडं तिच्या पाठीमागं वाऱ्यावर फडफडत होतं. राहीबाईला वरून सगळं दिसत होतं आणि काही उपयोग होत नव्हता. तिला राग आला नाही. उलट त्या गोंधळलेल्या डोक्याची माया आली. पोरीला कामाला उशीर होत होता, तरी ती शोधत होती.

 डोळे मिटून राहीबाई मनानं जिना उतरून खाली गेली, संयोगिताच्या जागी जाऊन उभी राहिली, तोंड वर केलं, आणि तिथून दिशा बघितली. मग डोळे उघडून ओरडली, "डावीकडं गं! तुझ्या डावीकडं! जास्वंदीवर!"

संयोगिता वळली, आणि लुगडं सापडलं. तिनं ते झटकून दोन्ही हातांनी वर धरलं, आणि मान वर करून खळखळून हसली. उन्हात तिचं सगळं तोंड दिसलं, कपाळावरच्या घामासकट.

"आई, मग आधी उजवीकडं का म्हणालात?"

राहीबाई कठड्यावर वाकली. पदर सावरत म्हणाली, "तुला काय सांगू पोरी! वरनं सांगायचं लय अवघड असतंया."